मधल्या खाचेतला ‘बट’

मी एक जुनी लाकडी पाटी आहे, मित्रांनो, पण लिहायची पाटी नव्हे. माझ्या अंगावर तीन खाचा आहेत आणि त्या खाचांत इंग्रजी शब्दांची कार्डं उभी राहतात. खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरची शाळा, तिथला पाचवीचा वर्ग, तिथली खिडकीखालची जागा, हेच माझं घर.

मला नवसूने घडवलं. तो शेती करणारा माणूस. नागली कापून झाली की सुतारकामही करी. उज्ज्वलाबाई शाळेत नव्याने आल्या तेव्हा त्यांनी वहीच्या पानावर माझं चित्र काढून त्याला दाखवलं. एका मोडक्या दाराची सागाची फळी घेऊन त्याने तिला रंधा मारला, पटाशीने खाचा पाडल्या आणि वरच्या बाजूला काळ्या रंगाची रुंद पट्टी ओढली. पुढे कितीतरी दिवस खोडाळ्याच्या बाजारात तो भेटेल त्याला सांगत होता, “पोरं इंग्रजी शिकत्यात ना, ती पाटी मी केली.”

माझं काम सोपं होतं. काळ्या पट्टीवर बाई खडूने वाक्याची सुरुवात लिहीत, ‘माय बॅग इज’. मग एखादी मुलगी डाव्या खाचेत ‘ओल्ड’ ठेवी, उजव्या खाचेत ‘स्ट्राँग’. ही विशेषणं. त्यांची चाळीस कार्डं डब्यात होती. मधली खाच मात्र जोडणाऱ्या शब्दांची. तिच्यासाठी तीनच कार्डं, ‘अँड’, ‘बट’ आणि ‘ऑर’.

“दोन्ही शब्द एकाच बाजूचे असले की अँड,” बाई सांगत. “पाणी गार अँड गोड. दोन्हींतलं एकच हवं असलं की ऑर. चहा गरम ऑर गार, असं आपण विचारतो. आणि पहिला शब्द ऐकून तोंड पडलं, दुसऱ्याने ते वर आलं, की बट. दप्तर जुनं, बट मजबूत.”

मुलं माझ्यावर गर्दी करीत. ते दिवस फार सुखाचे होते.

नवसूची मुलगी चैती याच वर्गात होती. रोज सकाळी आल्याबरोबर ती फ्रॉकच्या टोकाने माझ्या खाचा पुसायची. मी तिच्या बापाने केलेली, म्हणून ती मला आपलीच समजायची. पण कार्डांचा डबा असायचा रविनाकडे. रविनाचे वडील सरकारी कार्यालयात कारकून. ती आधी जव्हारच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे तिचं वाचन झरझर चाले. बाई “शाब्बास रविना” म्हणाल्या की चैतीचा हात माझ्या कडेवर घट्ट व्हायचा. मला ते कळायचं.

मग जव्हारला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरायचं ठरलं. ज्याची निवड होईल ते साहित्य पुढे पालघरला जाणार होतं. बाई म्हणाल्या, “पाटी घेऊन जाऊ. माझ्यासोबत एकच मुलगी येईल. रविना, तू चल.”

सगळे घरी गेल्यावर चैती माझ्यासमोर उभी राहिली. “पाटी माझ्या बानं केली,” ती पुटपुटली, “नि मिरवायची हिनं?” तिने रविनाच्या बाकावरचा डबा उघडला, ‘बट’चं कार्ड काढलं आणि दप्तरात टाकलं.

मित्रांनो, खरं सांगते. मला तोंड नाही म्हणून मी गप्प राहिले, हे अर्धंच खरं. चैतीच्या वाटणीचा मान दुसरीला मिळाला हे मलाही सहन झालं नव्हतं.

जव्हारच्या त्या हॉलमध्ये आमच्या शेजारच्या टेबलावर एक मोठा चकचकीत पडदा होता. शब्दाला बोट लावलं की तो शब्द बोलायचा, रंग बदलायचा. सगळी माणसं तिकडेच झुकलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अखेर परीक्षक आमच्याकडे आले. त्यांनी रविनाला सांगितलं, “माझी शाळा लहान आहे, पण छान आहे. लाव बघू.”

रविनाने ‘स्मॉल’ लावलं, ‘नाइस’ लावलं आणि डब्यात हात घातला. एकदा शोधलं, दोनदा शोधलं. शेवटी घाबरून तिने मधे ‘अँड’ ठेवलं.

“लहान आणि छान,” परीक्षक म्हणाले. “चूक नाही बाळ. पण मी म्हटलं ते हे नव्हे. त्यातला ‘पण’ गेला.”

रविनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ‘बट’ लिहायला बाई कोरा कागद शोधेपर्यंत परीक्षक पुढे गेले होते. पालघरला पडदा गेला. माझ्याकडे कार्ड असतं तर मी गेले असते का, ते मला माहीत नाही.

परत आल्यावर बाई रागावल्या. “एवढी तीन कार्डं सांभाळता येत नाहीत?” त्यांनी रविनाकडून डबा घेतला आणि चैतीला दिला. मला मात्र कपाटावर आडवं टाकलं. नंतर आमच्या वर्गातही तसाच पडदा आला आणि माझ्यावर धूळ साचू लागली. वरून मला चैती दिसे. हवा होता तो डबा तिच्या मांडीवर होता, पण ती तो उघडत नव्हती. रविना मागच्या रांगेत एकटी बसायची. एकदा नवसू शाळेत आला. मान वर करून माझ्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. त्या दिवशी चैतीने जेवणाची ताटली तशीच परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना गाठलं. “बाई, दुसरीला मिळालं नि आपलं पोट जळतं, त्याला इंग्रजीत काय म्हणत्यात?”

“जेलस,” बाई म्हणाल्या. “का गं?”

चैतीने तो शब्द कागदाच्या तुकड्यावर लिहून घेतला. मधल्या सुट्टीत बाकावर चढून तिने मला खाली घेतलं, पुसलं आणि खडूने लिहिलं, ‘आय अॅम’. डाव्या खाचेत स्वतः लिहिलेलं ‘जेलस’, मधे ‘अँड’, उजवीकडे ‘सॉरी’. मग रविनाला हाताला धरून आणलं आणि ‘बट’चं कार्ड तिच्या हातात ठेवलं.

रविनाने वाचलं. “बाई मला ओरडल्या,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर.”

“माहीत आहे. मी सांगते त्यांना. आत्ताच जाते.”

चैती खरंच गेली. व्हरांड्यात बाईंपुढे तिने सगळं सांगितलं. ती परतली तेव्हा माझ्या खाचांत दुसरी कार्डं होती. डावीकडे ‘अँग्री’. मधे ‘बट’. उजवीकडे ‘हंग्री’.

चैती बघत राहिली. “असं होतं का वाक्य?”

“मला नाय माहीत,” रविना म्हणाली. “पण भूक लागली. चल, खिचडी संपंल.”

दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी ते वाक्य पुसलं नाही की दुरुस्त केलं नाही. संध्याकाळी मला परत खिडकीखाली उभं केलं.

मित्रांनो, पडदा अजून भिंतीवर आहे आणि तो बोलू लागला की मी अजूनही जळते. जुन्या वस्तूंना एवढं माफ करा. आमच्यावर धूळ साचू देऊ नका, कार्डं ओल्या हातांनी धरू नका. आणि कुणाचा हेवा वाटलाच तर तो दप्तरात लपवू नका. माझ्याकडे या. जोडायचे शब्द तीनच आहेत, पण तुमच्या मनातल्या शब्दांसाठी दोन खाचा मी मोकळ्या ठेवल्या आहेत.