तापलेलं डांबर

ओडेसा प्रुइटच्या घरात पोलीस दार फोडून शिरले, ते ऑगस्टमधल्या रणरणत्या दुपारी. त्यांना हवा असलेला माणूस मागच्या गल्लीत, त्याच नंबरच्या घरात राहत होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामातल्या त्या लहानशा गावात दोन्ही गल्ल्यांची नावं जवळपास सारखीच. शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच निवृत्त झालेली ओडेसा झग्यावरच होती, अनवाणी. तिला बाहेर काढून, हात मागे बांधून, रस्त्याच्या डांबरावर गुडघ्यांवर बसवलं. भाजतंय, निदान गवतावर तरी बसू द्या, असं ती सांगत राहिली. डॉनी क्रॅब नावाचा तरुण शिपाई तिचा खांदा दाबून उभा होता. "हलायचं नाही, बाई," एवढंच तो म्हणे. चूक लक्षात आल्यावर तिला उठवलं, तेव्हा गुडघ्यांची कातडी डांबरालाच चिकटून राहिली.

तिनं क्रॅबवर दावा लावला. शेजारी साक्षीला उभे राहिले, डॉक्टरांनी फोटो दिले. खटला वरच्या कोर्टात गेला आणि काही वर्षांनी निकाल लागला. तिच्यावर अन्याय झाला, तिचे हक्क तुडवले गेले, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं होतं. पण तापलेल्या रस्त्यावर असं बसवणं बेकायदा आहे, हे आधीच्या कुठल्याच निकालात आलेलं नव्हतं. आधीच्या निकालानं बेकायदा ठरलेलं नसेल, तर पोलिसाकडून भरपाई मागता येत नाही, असा तिथला कायदा; मग शिपायाला ते कळायला हवं होतं असं कसं म्हणायचं? दावा फेटाळला गेला.

तिची वकील मर्लिन ओक्स स्वतः घरी येऊन सांगून गेली.

"आता ते निकालात लिहिलं गेलंय, ओडेसाबाई. पुढे कुणावर अशी वेळ आली, तर तो माणूस दावा जिंकेल."

"म्हणजे अजून कुणाचे तरी गुडघे भाजायला हवेत."

"हो," मर्लिन म्हणाली. तिला खोटं बोलवेना.

ओडेसानं तिला गोड चहा दिला, दारापर्यंत सोडलं आणि दोन दिवस फोन उचलला नाही.

पुढच्या वसंतात किराणा दुकानातून बाहेर पडताना तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. समोरून डॉनी क्रॅब आला, गणवेशात, बाहीवर बढतीची नवी पट्टी. त्यानं तिला ओळखलं. मान खाली घातली आणि दार उघडून धरलं.

"या, मिसेस प्रुइट."

त्याला काय काय सुनावायचं, ते तिनं कितीदा मनात घोळवलं होतं. मागे माणसं खोळंबली. ती वळली आणि लंगडत, सगळं दुकान ओलांडून, पलीकडच्या दारानं बाहेर पडली.