दोन चौदाचा दिवा

कावासाकीच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मशीनची खोली होती. खिडकी नाही, बारा महिने तीच गार हवा, आणि पंख्यांचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तरी घसा ताणावा लागे. खोलीच्या कोपऱ्यात एक जुनं काळं कपाट उभं होतं. कपाट म्हणजे चोवीस डिस्क एकत्र जुंपलेला डिस्क अ‍ॅरे. एप्रिलमध्येच सर्व्हरकडे जाणारी त्याची वायर काढून टाकली होती. कुणी त्यात काही लिहीत नव्हतं, कुणी वाचत नव्हतं. मोडीत काढण्याआधी नव्या अ‍ॅरेशी त्याची एकदा तुलना करायची होती, म्हणून नुसती वीज चालू होती.

आणि तरी रोज दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी डावीकडून सातव्या डिस्कचा हिरवा दिवा एकदाच लुकलुकायचा.

सिंधूने पहिल्या दिवशी पाहिलं आणि सोडून दिलं. डिस्क अधूनमधून स्वतःलाच तपासून घेतात, त्यात नवल नाही. दुसऱ्या दिवशी तिने घड्याळ पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती मुद्दाम कपाटाकडे पाठ करून उभी राहिली, तर समोरच्या काचेच्या दारात तो दिवा तिला दिसलाच.

दोन चौदा ही वेळ तिच्या ओळखीची होती.

सिंधू पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी जपानला आली, चार भिंतींना कंटाळली, नेटाने जपानी शिकली आणि या कंपनीत टेस्टिंगला लागली. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

इथल्या कामाची एक रीत आहे. मशीनला हात लावण्याआधी कागदावरची ओळ वाचायची, त्या वस्तूकडे हात लांब करून बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, ‘केबल, योशी!’ योशी म्हणजे ठीक. इथले रेल्वेचे ड्रायव्हरसुद्धा सिग्नलला असंच बोट दाखवतात. नुसता डोळा चुकेल, पण बोट आणि तोंड त्याच्या सोबतीला असलं की माणूस चुकत नाही, असा त्यामागचा भरवसा.

सिंधूचं बोट नऊ वर्षांपूर्वी एकदा खोटं बोललं होतं.

तेव्हा हेच काळं कपाट नवं होतं, आणि त्याच्याहून जुन्या एका अ‍ॅरेशी त्याची तुलना चालली होती. काम होतं एका देखरेख कंपनीचं. ही कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हातात मावणारं एक बटण देई. बरं वाटेनासं झालं की बटण दाबायचं. दाबलं की डेटाबेसमध्ये नोंद होई, अ‍ॅरेकडून ‘मिळालं’ असं उत्तर येई, बटणावर हिरवा दिवा लागे, आणि ती नोंद वाचून केंद्रातली बाई घरी फोन लावी.

आता अ‍ॅरेची एक खोड असते. नोंद डिस्कवर उतरायच्या आधीच तो ती आपल्या आठवणीत ठेवतो आणि ‘मिळालं’ म्हणून मोकळा होतो. म्हणून तर तो वेगवान. मधेच वीज गेली तर ती आठवण जपायला आत एक बॅटरी असते. बॅटरी बिघडली की शहाणा अ‍ॅरे आपणहून हळू होतो, डिस्कवर लिहून झाल्याशिवाय ‘मिळालं’ म्हणत नाही. पण त्याच्यावर जबरदस्ती करायची एक सेटिंग असते. ती चालू केली की बॅटरी नसली तरी तो बिनधास्त ‘मिळालं, मिळालं’ म्हणत सुटतो.

त्या वेळी बॅटरीचा दिवा नारिंगी होता. नवी बॅटरी यायला तीन आठवडे लागणार होते आणि तुलनेचा निकाल दोन दिवसांत द्यायचा होता. सिंधूने जबरदस्तीची सेटिंग चालू केली, नारिंगी दिव्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ‘बॅटरी, योशी!’ नवा अ‍ॅरे चौपट वेगाने जिंकला आणि लगेच खऱ्या कामाला जुंपला गेला. निकाल लागल्यावर सेटिंग बंद करायची असं तिने मनाशी ठरवलं होतं. तेच राहून गेलं.

सोळाव्या दिवशी इमारतीच्या विजेची वार्षिक तपासणी होती. कुणीतरी भलताच खटका खाली ओढला. दुपारचे दोन चौदा. पाच मिनिटांत सगळं पुन्हा सुरू झालं, पण अकरा सेकंदांच्या नोंदी डिस्कवर उतरल्याच नाहीत. बहुतेक नोंदी रोजच्या हजेरीच्या होत्या, त्यांचं कुणाला काही वाटलं नाही.

एक नोंद तशी नव्हती. टोकियोच्या एदोगावा भागात चौथ्या मजल्यावर मात्सुई हिसानो नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी एकट्या राहत. दोन दिवसांनी त्या स्वयंपाकघरात मृत सापडल्या. बटण हातात होतं. डेटाबेसमध्ये नोंद नाही, म्हणजे त्यांनी दाबलंच नाही, असं कंपनीने ठरवलं. पण नेटवर्कच्या यादीत एक ओळ होती. दोन चौदा, त्याच घरातून, एकदा. सिंधूने ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ती यादी तीस दिवसांनी आपोआप पुसली जात असे. सिंधू तीस दिवस गप्प राहिली.

ती स्वतः एदोगावातच राहायची. त्या दिवसापासून आजींच्या गल्लीतून तिने सायकल नेली नाही. स्टेशनला जायला सात मिनिटं जास्त लागत, पण ती वळसा घेई.

आज पुन्हा तीच तुलना होती. आणि देवाची करणी म्हणा, नाहीतर आणखी काही, नव्या अ‍ॅरेच्या बॅटरीचाही दिवा नारिंगी होता.

“फोर्स करा ना ताई,” अनुराग म्हणाला. तो टीमचा लीड, तिशीतला, पुण्याचाच. “रिप्लेसमेंट तीन आठवड्यांनी येतेय. गुरुवारी मीटिंग आहे. स्लो नंबर दाखवले तर मोरिता-सान माझी चटणी करतील.”

“मग खाली लिहू की बॅटरीशिवाय मोजलंय.”

“खालची ओळ कोण वाचतं? सगळे ग्राफ बघतात.” तो हसला. “तुम्ही असं करताय जसं काही वीज जाणारच आहे. हे जपान आहे ताई, आपलं शिरूर नाही.”

“शिरूरला वीज जाते हे सगळ्यांना माहीत असतं रे,” सिंधू म्हणाली. “इथं कुणी धरूनच चालत नाही.”

तेवढ्यात मोरिता-सान आत आले. देखरेख कंपनीचे साठीला टेकलेले अधिकारी. इथे नावापुढे ‘सान’ लावतात, आपल्या ‘जी’सारखं. त्यांच्या हातात कागदात बांधलेलं, इथे शुद्धीसाठी ठेवतात तसं चिमूटभर मीठ होतं. ते जुन्या कपाटासमोर ठेवून त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

“इतकी वर्षं राबलं बिचारं,” ते जरा ओशाळून म्हणाले. “सिंधू-सान, तुम्हीच आणलंत ना याला? तुम्हीच निरोप देताय, बरं झालं. माझंही एक काम संपेल.”

“कुठलं?”

“दर वर्षी एक पत्र येतं. मात्सुई-सानच्या मुलीचं. आई फार भित्री होती, तिने बटण नक्की दाबलं असेल, पुन्हा एकदा बघाल का, असं. मी दर वर्षी बघतो आणि लिहितो, नोंद नाही.” त्यांनी कपाटावर हलकेच हात ठेवला. “डिस्क मोडीत गेल्या की लिहीन, आता बघायलाच काही उरलं नाही.”

सिंधूने घड्याळ पाहिलं. दोन वाजून नऊ मिनिटं झाली होती.

अनुरागने कागद तिच्या हातात दिला. ती वाचत गेली, बोट दाखवत गेली. केबल, योशी. पंखे, योशी. डिस्क, योशी. मग बॅटरीची ओळ आली. हात वर झाला, बोट नारिंगी दिव्यावर गेलं, आणि तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

“सिंधू-सान?” मोरिता-सान म्हणाले.

“बॅटरी,” ती म्हणाली, “ठीक नाही.”

अनुरागने कपाळाला हात लावला.

“जबरदस्ती चालू करते,” ती जपानीत, मोरिता-सानना ऐकू जाईल अशी बोलली, “पण वेग नंतर मोजू. आधी दोन्ही अ‍ॅरेंची वीज मधेच तोडू. एकेकात चाळीस हजार नोंदी पाठवू, आणि ‘मिळालं’ म्हटलेल्यांपैकी किती खरंच मिळाल्या ते मोजू.”

“ताई, हे प्लॅनमध्ये नाहीये!” अनुराग मराठीत कुजबुजला.

“माहीत आहे.”

मोरिता-सान नारिंगी दिव्याकडे वळले. “करा,” ते म्हणाले.

कोरे डेटाबेस लॅपटॉपवर तयार होते. जुन्या कपाटाला पुन्हा वायर जोडली आणि ते दोन्हींवर चढवले. लॅपटॉप नोंदी पाठवू लागला आणि आलेलं प्रत्येक ‘मिळालं’ टिपून घेऊ लागला. चाळीस हजार पुरे होताच सिंधूने दोन्ही प्लग ओढले. त्या कोपऱ्यातले पंखे थांबले आणि तिथे शांतता पसरली. घड्याळात दोन चौदा झाले होते. वीज नसलेल्या जुन्या कपाटावर, डावीकडून सातवा दिवा एकदा लुकलुकला.

ते फक्त तिनेच पाहिलं. बाकी दोघे लॅपटॉपकडे बघत होते.

वीज परत दिली. नव्या अ‍ॅरेने चाळीस हजारांना ‘मिळालं’ म्हटलं होतं, सापडल्या अडतीस हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी. मोरिता-सानचा चेहरा उतरला. “म्हणजे बाकीच्या तेराशे जणांना हिरवा दिवा दिसला असता?”

“हो. आणि कुणी आलं नसतं.”

मग जुन्याची मोजणी आली. त्याची नंतर बदललेली बॅटरी शाबूत होती. चाळीस हजार पाठवल्या, सापडल्या चाळीस हजार एक.

“एक जास्त?” अनुराग खुर्ची ओढून बसला. “डुप्लिकेट असेल. थांबा, काढतो.” त्याने ती ओळ पडद्यावर आणली. टेस्टची नोंद नव्हती ती. घर क्रमांक होता, एदोगावातला. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. वेळ दोन चौदा. बटण दाबलं, एकदा.

“जुना कचरा असणार,” तो शेवटी म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. “मेमरीत कुठेतरी राहिला असेल.”

सिंधूला ठाऊक होतं की तिथे काही राहूच शकत नाही. ती आठवण त्याच दिवशी, त्याच मिनिटाला विझली होती. विझवणारी तीच होती.

मोरिता-सान पडद्याच्या अगदी जवळ गेले. त्यांचे ओठ तो घर क्रमांक वाचत होते. नऊ उत्तरांवर लिहिलेला क्रमांक त्यांना पाठ होता.

“मोरिता-सान,” सिंधू म्हणाली, “त्या वेळीही बॅटरीचा दिवा नारिंगी होता. मी योशी म्हटलं होतं. आणि ही ओळ मी तेव्हाच पाहिली होती, दुसऱ्या यादीत. मी बोलले नाही.”

मोरिता-सान ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हे मला वर कळवावं लागेल,” ते म्हणाले. “तुमची नोकरी राहील असं मला वाटत नाही.”

“कळवा. पण मुलीला मी स्वतः सांगते. आज.”

“ती आता आईच्याच घरात राहते,” ते म्हणाले.

संध्याकाळी स्टेशनवरून सायकल घेऊन सिंधू नऊ वर्षांनी त्या गल्लीत शिरली. गल्ली होती तशीच होती. कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्यांवरची निळी जाळी, कुणाच्या तरी गॅलरीत वाळणारी गादी. लिफ्ट होती, पण ती चार मजले पायऱ्यांनी चढली. प्रिंट काढलेली ती एक ओळ तिच्या पर्समध्ये होती.

दाराशी बेलचं बटण होतं. तिने दाबलं. बटणावर बारीकसा हिरवा दिवा लागला.

त्या दिव्याचा अर्थ काय आणि किती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? आतून कसलाच आवाज येईना. दिवा जळत राहिला. हिसानो आजींनीही असंच पाहिलं असेल, बटण हातात धरून, आता कुणी येईल म्हणून. सिंधूला वाटलं, आपण दाराच्या बाहेर नाही, आतच उभ्या आहोत.

तिने दुसऱ्यांदा बटण दाबलं नाही. ती तिथेच उभी राहिली. मग आत कुठेतरी खुर्ची सरकली, आणि पावलं हळूहळू दाराकडे येऊ लागली.