निरोगी बायका, सकाळी आठ

विज्ञानासाठी रक्त सांडणाऱ्यांची परंपरा थोर आहे. आमच्या आईने तिच्यात पाच मिलीलीटरची भर घातली आणि हातावरचा कापूस चार दिवस मिरवला.

निमित्त माझी बायको. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या रक्तातल्या पेशी तिथे मोजत होते. रक्तात लढणाऱ्या पेशी असतात, तशा ‘पुरे आता’ म्हणून त्यांना आवरणाऱ्याही असतात. या दोघींचा तोल या आजारात कुठे झुकतो, हा प्रश्न. (‘तो आमच्या घरात कुठे झुकतो ते मी सांगतो,’ असं मी म्हणालो होतो. कोणी टिपून घेतलं नाही.) तुलनेला तीस निरोगी बायका हव्या होत्या. त्यातली एक आई. “मला निरोगी म्हणून निवडलंय,” हे तिने जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर थांबून सांगितलं. गुडघ्यांमुळे थांबावं लागतंच.

निकाल झकास आला. आजारी बायकांत आवरणाऱ्या पेशी कितीतरी जास्त. मोठे डॉक्टर खूश. लेख आठ दिवसांत पाठवायचा होता. बायकोचं कंत्राट दोन महिन्यांत संपणार होतं, आणि ते वाढवणं याच डॉक्टरांच्या हातात.

एकच निरोगी बाई ओळीत बसेना. तिथलीच सफाईवाली मावशी. बाई धडधाकट, पण आकडे आजारी बायकांच्या जवळचे.

“यादीतून काढून टाका तिला,” डॉक्टर म्हणाले. “असते एखादी अशी.”

आता, माझ्या बायकोला एक खोड आहे. रक्त किती वाजता घेतलं ते ती नळीवर लिहिते. फॉर्मवर वेळेला जागा नाही आणि लेबल गिचमिड दिसतं म्हणून तिने दोनदा बोलणीही खाल्लीत. तिने सगळ्या नळ्यांच्या वेळा एका कागदावर उतरवल्या. आजारी बायका सकाळी आठच्या. निरोगी बायका दुपारी चारच्या, कामं आटोपून, सवडीने आलेल्या. मावशी तेवढी आठची, कारण तिची पाळीच सहाला सुरू होते. रक्तातल्या पेशी दिवसभरात कमीजास्त होतात, हे त्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा कोणाच्या लक्षात आलं नाही.

ती घरी येऊन न जेवता बसली.

“बोलले तर वर्षाचं काम पाण्यात. कंत्राटही.”

“आणि नाही बोललीस तर?”

“तर मावशीला काढून टाकतील.”

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन डॉक्टरांपुढे उभी राहिली. “सर, मावशी वेगळी नाही. ती एकटीच वेळेवर आली होती.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. “हे आधी का नाही सांगितलंत?”

“लेबलावर होतं, सर.”

ठरलं. मावशी सोडून एकोणतीस जणींचं रक्त पुन्हा, सकाळी आठला. डॉक्टरांना सांगणं त्या मानाने सोपं होतं. घरी आई होती.

“म्हणजे माझं रक्त चारला खोटं आणि आठला खरं?”

“रक्त खरंच आहे हो आई. आमचं घड्याळ चुकलं.”

“अगं, मग विचारायचं ना! मी पाचला उठून बसलेली असते. चारपर्यंत ताटकळत ठेवलंत मला.” मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून, “यायचं कधी?”

नवा निकाल आला. फरक निम्म्यावर उतरला, पण राहिला. “निम्मा आहे, पण आता कोणीही मोजून बघावा,” बायको म्हणाली. कंत्राट वर्षभर वाढलं. फॉर्मवर वेळेचा रकाना आला. त्याचा कोरा नमुना माझ्या पाकिटात असतो. घरी येणाऱ्याला चहाच्या आधी दाखवतो. लोक म्हणतात, यात तर काहीच लिहिलेलं नाही. मी म्हणतो, नीट बघा, डावीकडून तिसरा. तो आमच्या हिचा.

लेखात निरोगी बायका एकोणतीस आहेत, मावशी धरून. सर्दी झालेली बाई निरोगी धरत नाहीत, आणि आईला त्या सकाळी सर्दी होती.