उच्चार तोच

ताईंनी मुखपृष्ठाचं प्रूफ खिडकीपाशी नेलं आणि लाल पेनाचं टोपण काढलं. छापखान्यातली इंग्रजी प्रुफं त्याच तपासत. हे एका निवृत्त संपादकांचं आत्मचरित्र होतं. नाव, 'अ मॅन ऑफ प्रिन्सिपल्स'. तत्त्वांचा माणूस म्हणायचं तर शेवटच्या एसच्या आधी एल-ई हवं. इथे ए-एल पडलं होतं. असंच छापलं, तर माणूस तत्त्वांचा न राहता मुख्याध्यापकांचा होणार होता.

त्यांनी टोपण पुन्हा लावलं.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या याच संपादकांच्या हाताखाली नोकरीला लागल्या होत्या. तिसऱ्याच महिन्यात वह्या-पेनांच्या दुकानाच्या जाहिरातीत 'स्टेशनरी'मधल्या ई-च्या जागी ए राहून गेला.

"ए घातला की अर्थ होतो, जागेवरून न हलणारा," संपादक सगळ्यांसमोर म्हणाले होते. "उभी राहा इथे. मुरू दे अंगात."

जेवणाच्या सुट्टीपासून ऑफिस सुटेपर्यंत त्या उभ्या होत्या. माणसं डबे खाता खाता हसत होती. दुसऱ्या दिवसापासून त्या तिकडे फिरकल्याच नाहीत.

आत्मचरित्राची तीनशे पानं त्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचली. चुकांसाठी कमी, स्वतःसाठी जास्त. संपादकांच्या मांजरावर दोन पानं होती. त्या दुपारवर एक ओळ नव्हती.

छपाईच्या परवानगीची सही करायला संपादक स्वतः आले. त्यांनी ताईंना ओळखलं नाही.

"साहेब, नाव एकदा वाचून दाखवता?"

त्यांनी खणखणीत वाचलं. चूक ऐकू येणार कशी? दोन्ही शब्दांचा उच्चार तोच.

"अक्षरंही बघून घ्या. मागाहून मला बोल नको."

संपादकांनी कागद नाकाशी धरला, मग खाली ठेवला.

"खरं सांगू? वर्षभर सगळं धुरकटच दिसतंय. घरी बोललो नाही. मी सांगत गेलो, टायपिस्टने उतरवून घेतलं." ते ओशाळं हसले. "तुम्ही पाहिलंय ना? मग झालं तर. सही कुठे?"

ताईंनी लाल पेन बाजूला सारलं. मग त्यांनी संपादकांचं बोट धरून ओळीवर टेकवलं.

"इथे, साहेब."

सही तिरकी होत ओळीबाहेर गेली.

ते गेल्यावर मशीनवाल्याने विचारलं, "ताई, चालवू?"

"चालव."

पहिली ओली प्रत घेऊन तो आला. ताई पिशवी आवरत होत्या.

"तूच बघ आज."

त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने प्रत उजेडात धरली, लांबून पाहिली, जवळून पाहिली.

"झकास आलंय," तो म्हणाला.