मान कुठवर आली

"खांदे नाही हलवायचे. नुसती मान," बायको मागून म्हणाली आणि शिंप्याने हनुवटी डाव्या खांद्याकडे सरकवली.

चाळीस वर्षं मशीनवर वाकून मानेचं पार लाकूड झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, व्यायाम करा नाहीतर शिलाई विसरा. शिलाई सुटली तर हा माणूस दिवसभर घरात बसून डोकं खाईल, या धास्तीने बायकोने व्यायाम करून घ्यायचं काम अंगावर घेतलं. रोज चार वाजता तो मान ताणायचा आणि मागे काज-बटणं करणारी ती दहापर्यंत मोजायची.

पहिल्या आठवड्यात मान खिडकीपर्यंत आली. मग इस्त्रीच्या टेबलापर्यंत. काल कपाट. माझ्या खुर्चीपर्यंत पोचलात की सुटलात, असं तिनेच ठरवून दिलं होतं.

"चार... पाच... सहा..."

सात काही येईना. शिंप्याने मान आणखी रेटली. कपाट मागे पडलं आणि बायको दिसली.

ती दोरा ओवत होती. सुई हातभर लांब धरलेली. दोरा सुईच्या शेजारून गेला. टोक ओठांत ओलं केलं, पुन्हा शेजारून. चौथ्या खेपेनंतर ती डोळे मिटून नुसती बसून राहिली.

एरवी तो वळला की त्याची खुर्ची करकरायची आणि ती सुई खाली ठेवून गप्पांना लागायची. कधीपासून चाललंय हे? गिऱ्हाइकं दुकानात यायची ती तिच्या काजांसाठी. 'तुला दिसत नाही का गं' असं विचारलं असतं तर ती आधी भांडली असती आणि मग एकटीच रडली असती.

त्याने मान हळूच पुढे घेतली.

"...सात, आठ, नऊ, दहा. आली का माझ्यापर्यंत?"

"कुठली! कपाटापाशीच अडलीय."

"कामचुकार आहात नुसते."

"अगं, ते कपाटही जरा धूसरच दिसतंय. उद्या डोळे दाखवून येतो. तूही चल."

"मी कशाला?"

"सोबतीला. आलीच आहेस तर तूही तपासून घे."

मागे तिची खुर्ची सरकली. मग ती उठून आली आणि तिने सुई-दोरा त्याच्यासमोर ठेवला.

"तोवर एवढा ओवून द्या."

धूसर दिसणाऱ्या शिंप्याने तो एका झटक्यात ओवून दिला. तिने सुई घेतली, त्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला.

"आता उजवी बाजू," ती म्हणाली.