रत्नमालाताईंचा रेडिओ

"अच्छा, रत्नमालाताईंच्या रेडिओत आहात होय! तिथं काय काम करता?"

गारखेड्यातल्या एका लग्नात, जेवणाच्या रांगेत, एका सद्गृहस्थांनी हा प्रश्न विचारला आणि रामहरी बोरुडे यांच्या तोंडातला गुलाबजाम कडू झाला. काय काम करता? अहो, मालक होते ते! प्लॉटिंगच्या धंद्यात कमावलेली पुंजी घालून, बंद पडत आलेलं ते छोटं रेडिओ केंद्र त्यांनी विकत घेतलं होतं. यंत्रं त्यांची, परवाना त्यांच्या नावावर. आणि लोकांच्या तोंडी नाव मात्र रत्नमालाचं!

छावणी भागात राहणारी रत्नमाला साळवे ही तिथली जुनी निवेदिका. 'नळ आला हो!' हा तिचा सकाळचा कार्यक्रम. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं त्या दिवशी कधी येईल याचा नेम नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! ज्या गल्लीत नळ सुटे तिथली एखादी बाई रत्नमालाला फोन करी. रत्नमाला ती खबर सांगे, फोन करणारीच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी करी, मग एखादं गाणं लावी. तोवर त्या गल्लीतल्या बायका नळाला पाण्याच्या मोटारी लावायला पळालेल्या असत. सगळ्यात जास्त जाहिराती याच कार्यक्रमाला मिळत.

धंदा म्हणून पाहिलं तर यापरतं सुख नाही. पण मत्सराला धंद्यातलं काही कळत नाही. पगारी बाईला लोक ताई म्हणतात आणि आपल्याला ओळखतसुद्धा नाहीत, हा सल रामहरींना जेवू देईना. त्यांनी क्रांती चौकात स्वतःच्या फोटोचं भलंमोठं फ्लेक्स लावलं. रेडिओ कानांनी ऐकतात, हे मालकांना कोण सांगणार! तिथला पानवाला फ्लेक्सकडे बघून म्हणाला, "भैया, ताईंचा फोटो पाहिजे होता बरं का."

झालं! रामहरी तडक केंद्रावर आले.

"रत्नमालाबाई, उद्यापासून सकाळी मी बोलणार. तुम्ही आत बसून जाहिराती लिहा."

"आणि पाण्याचे फोन, सर?"

"मला काय बोलता येत नाय व्हय?"

रत्नमालानं आपली पाण्याची बाटली उचलली आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून रामहरी माइकवर. आपण कसे वर आलो ते त्यांनी सांगितलं, शेरोशायरी केली, एका मित्राचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला. होय, रेडिओवर! फोन येत, पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, ताई कुठंय? तो ऐकला की रामहरींच्या अंगाचा तिळपापड होई.

अशाच एका सकाळी कडूबाई नावाच्या एका बाईचा फोन आला.

"ताईला द्या ना जरा. पाण्याचं सांगायचंय."

"ताई नाय इथं!" रामहरी कडाडले. "काय बोलायचं ते मालकाशी बोला!"

"मग ऱ्हाऊ द्या, साहेब," कडूबाई दचकून म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. कुठल्या गल्लीतून बोलते आहे, हे रामहरींनी विचारलंसुद्धा नाही.

दुपारी ते घरी आले. हात धुवायला बेसिनचा नळ सोडला, तर नुसता फुसफुसला. बायको सत्यशीला स्वयंपाकघरात रिकाम्या हंड्यांपुढं बसली होती. आई बानाबाईंनी तांब्या पुढं केला.

"पी. घरात एवढंच हाय."

"आज नळ आला नाय का?"

"आला आन् गेला. मोटार कोण लावनार? तुझा आवाज ऐकाया रेडिओपाशी बसले व्हते मी. ती फोनवाली आपल्याच गल्लीतली कडूबाई व्हती, हे मागनं कळलं रं! तिचं तोंड तूच बंद केलंस. साऱ्या गल्लीत ठणठणाट हाय."

"आई, पण रेडिओ माझा हाय! लोक त्या बाईचं नाव घेत्यात..."

"मेंढरं तुझ्या बापाची व्हती," बानाबाई म्हणाल्या. "पर हाळी द्यायचा केरबा, आपला गडी. मेंढरं त्याच्याच हाळीला वळायची. तुझा बाप कितीबी वरडला तरी एक मान वर करत नव्हतं. म्हनून त्यानं केरबाचं तोंड बांधलं का? तो म्हनायचा, मेंढरं सांजंला सुखरूप येत्यात, मला अजून काय पायजे! अन् तू? तुला लई मोठं व्हायचंय, तर बायांचे हंडे कामून रिकामे ठेवतो?"

हातातला तांब्या रामहरींनी न पिता तसाच सत्यशीलापुढं ठेवला. आपण किती लहान झालो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रत्नमालाला माइकसमोरची खुर्ची दिली. ती बसली नाही.

"सर, मी महिनाअखेर सोडून जाणार होते. थांबते. पण आधी कडूबाईंची माफी मागा. तुम्ही बोललात ते सगळ्यांनी ऐकलंय, हेही सगळ्यांना ऐकू द्या."

रामहरींचा चेहरा लाल झाला. तरी त्या खुर्चीत बसून त्यांनी फोन लावला, माइक सुरू केला आणि म्हणाले, "कडूबाई, मी चुकलो. माझ्यामुळं आपली गल्ली तहानलेली राहिली. मला माफ करा."

पलीकडून कडूबाई म्हणाली, "जाऊ द्या, दादा. ताई आल्या का?"

आणि रामहरी पहिल्यांदाच त्या प्रश्नावर मोकळेपणी हसले! "आल्या," असं म्हणून ते खुर्चीवरून उठले.

बंधुभगिनींनो, असे रामहरी आपल्या प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक घरात आहेत. आपल्या छपराखाली दुसऱ्याचं नाव झालं की आपलं कमी झालं, असं आपल्याला वाटतं. त्या जळफळाटात आपण चांगल्या माणसाच्या हातून काम काढून घेतो, आणि नुकसान तिसऱ्याच कुणाचं तरी होतं. मालकी विकत घेता येते. लोकांची माया कामानंच मिळते. ती ज्याला मिळाली त्याला पुढं करावं, यातच मालकाचा मोठेपणा आहे.

परवा पुन्हा एका लग्नात कुणीतरी रामहरींना विचारलं, "रत्नमालाताईंच्या रेडिओत तुम्ही काय करता?"

थोडं टोचलं. खोटं कशाला सांगा! पण मग ते म्हणाले, "मी तिथं फोन उचलतो. तुमची गल्ली कोणती?"