गोड इंग्रजी

शेहेचाळीस साली साताऱ्याच्या मोटारस्टँडवर मी लढाईवरून परतलेल्या फौजींची पाहणी करायला उभी राहिले. शहरात त्यांना नोकऱ्या द्यायच्या तर इंग्रजी कितपत येतं ते कळायला हवं, म्हणून प्रश्न इंग्रजीतच विचारायचे होते. सांगलीहून निघताना आमच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "शरयूबाई, कोरे कागद घेऊन परत आलात तर उद्यापासून अनंतरावांना पाठवू." म्हणे अनंतराव. त्यांचं इंग्रजी कानावर पडलं असतं तर गोरे केव्हाच देश सोडून गेले असते.

मी पदर खोचला आणि पहिल्याच गड्याला अदबीनं म्हटलं, "प्लीज, वुड यू काइंडली..." तो उठला आणि पाटणच्या मोटारीत जाऊन बसला. दुसरा म्हणाला, "आमाला इंग्रजी न्हाई येत." मघाशी हाच ड्रायव्हरला इंग्रजीत शिव्या हासडत होता. दुपार झाली तरी कुणी थांबेना. रडू नाही, मला संताप आला.

चहाच्या दुकानातून लढाईवरूनच परतलेले नाथाजी हवालदार हे सगळं बघत होते.

"बाई, तुमी लय गोड बोलताय," ते म्हणाले. "त्यानंच पळत्यात."

"मग काय, ओरडू?"

"व्हय. आवं, आमचा साहेब रोज आरडायचा. ज्या दिशी प्लीज म्हणून जोखमीच्या कामाला मानसं मागायचा, त्या दिशी गेलेली माघारी येत न्हवती. आमच्या पलटणीतला जोतिबा तसाच गेला. न्हाई म्हनायला जमलंच न्हाई त्याला."

मुलीच्या जातीला एवढा मोठा आवाज शोभत नाही, हे मी जन्मभर ऐकलेलं. तोच आवाज लावला. "फॉल इन!"

बाकावरचे उठले. पाटणच्या मोटारीतला खाली उतरला. बघता बघता रांग लागली. मी ओरडत होते आणि उत्तरं खणखणीत येत होती. अनंतराव आता सांगलीतच बसणार होते.

शेवटी नाथाजी उभे राहिले. शेवटचा प्रश्न होता, पुन्हा बोलावलं तर फौजेत जाल का? मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

"ह्यो तेवढा गोड इचारा, बाई. साहेब इचारायचा तसा."

मी हळू आवाजात विचारलं, "प्लीज, हवालदार, वुड यू काइंडली गो अगेन?"

ते ताठ झाले. घसा खाकरला.

"नो, सर."

मी लिहून घेतलं. ते हलले नाहीत.

"जोतिबाचं बी लिवा, बाई."

मी खाली आणखी एकदा 'नो' लिहिलं.